कातळावरचा बिबट्या

श्रीरामपूरच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला असताना मॅडमनी आमच्या वर्गाला एका दैनिकाच्या कचेरीत न्यायचं ठरवलं. "रिकाम्या डोक्यानं यायचं नाही. पत्रकारांचे शब्द आधी समजून घ्या, प्रश्न तयार ठेवा," त्या म्हणाल्या.

मी मोबाईलवर शोधत बसले. डेडलाइन, बाईट, ऑफ द रेकॉर्ड. 'सूत्रांकडून समजते' म्हणजे सांगणाऱ्याचं नाव झाकायचं, हे वाचल्यापासून पेपर हातात घेतला की ही सूत्रं कोण, एवढंच मनात यायचं. मग सापडलं 'संग्रहित छायाचित्र'. म्हणजे जुना, आधी काढून ठेवलेला फोटो. तसा वापरला तर खाली तसं छापायचं असतं.

तिथं मी थांबले. उन्हाळ्यात आमच्या वस्तीवर बिबट्या आल्याची बातमी, आम्ही जाणार होतो त्याच पेपरात होती, फोटोसकट. बिबट्या कातळावर बसलेला. आमच्याकडे नुसती काळी माती आणि ऊस. असा कातळ बघायचा तर अकोले तालुक्यातल्या डोंगरांकडं जावं लागतं. "ह्यो आपल्याकडचा न्हाई," वडील तेव्हाच म्हणाले होते. पण त्यानंतर खुरपायला बाया येईनात, आणि आई अजूनही शेळ्यांकडं एकटी जात नव्हती. फोटोखाली 'संग्रहित' असं काही नव्हतं.

कचेरीत सगळ्यांचे गोड प्रश्न झाल्यावर मी उठले. "सर, आमच्या वस्तीवरच्या बिबट्याचा फोटो कुणी काढला होता?"

आमच्याशी बोलणारे वार्ताहर हसत होते, ते थांबले. "कोणती वस्ती?"

मी सांगितली.

"हे विचारायला तुला कुणी सांगितलं?"

"कुणीच नाही. मी वाचून आलेय."

"वडील कुठल्या पार्टीत आहेत?"

मॅडम माझी ओढणी ओढायला लागल्या. मी म्हटलं, "ते शेती करतात, सर."

त्यांनी मला नीट न्याहाळलं. "व्हॉट्सअ‍ॅपवर आला होता फोटो. घाईत 'संग्रहित' टाकायचं राहिलं असेल. पण बिबट्या आला होता, हे तर खरं ना?"

मला काय माहीत? त्याला स्वतः पाहिलेला माणूस मला अजून भेटलाच नव्हता.

संध्याकाळी वडिलांना सगळं सांगितलं. ते गव्हाणीत चारा टाकत होते.

"व्हॉट्सअ‍ॅपवर? धाडला कुनी?"

तेवढंच मी विचारलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्या वार्ताहरांना फोन केला. वस्तीचं नाव ऐकलं आणि पलीकडून फोन ठेवला गेला.