आखूड धाग्याचे निरोप

फुकट शिकायला मिळतं एवढं कळलं, तर माझे व्याही यमाच्या शाळेतही नाव टाकून येतील, पहिल्या बाकावर बसतील आणि यमालाच विचारतील, "सर, शेवटी सर्टिफिकेट भेटन ना?" असा माणूस यवतमाळ जिल्ह्यात दुसरा नाही, आणि असलाच तर दोघांना एका गावात ठेवू नये. व्याही म्हणजे माझ्या पोरीचे सासरे. आमच्या बोलीत इवाई. दोन गल्ल्या सोडून त्यांचं घर. पोरगी इतक्या जवळ दिली त्याचा फायदा बायकोला झाला आणि तोटा मला, कारण या माणसाला माझ्या घरी यायला कारण लागत नाही, वेळ लागत नाही आणि घाई असली की चप्पलही लागत नाही.

उभा जन्म त्यांनी कापसाच्या जिनिंगवर काढला. गाडी आली की कापूस चिमटीत धरायचा, दोन्ही हातांनी ओढायचा आणि धागा लांब की आखूड ते सांगायचं, कचरा किती ते सांगायचं, एवढंच काम. मालक त्यांच्या चिमटीवर भाव ठरवायचा. नोकरी सुटून बरीच वर्षं झाली, पण चिमूट काही घरी बसली नाही. चहाचा घोट घेतला की दोन बोटं चोळून म्हणणार, "आखूड धागा." कोणाचं भाषण ऐकलं की म्हणणार, "धागा लांब हाय, पन कचरा लय." माझी पोरगी पाहायला आले तेव्हा तिला एक प्रश्न विचारला नाही. माझ्या बायकोच्या हातचे पोहे खाल्ले, चिमूट वर केली आणि आपल्या बायकोला म्हणाले, "लांब धाग्याचं घर हाय, सोडू नको." मग माझ्याकडे पाहिलं आणि चिमूट खाली ठेवली. ते मी अजून विसरलो नाही.

आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयात दर उन्हाळ्यात मोठ्या माणसांसाठी वर्ग भरतात. सकाळी सात ते नऊ, ऊन चढायच्या आत. फी नाही, वयाची अट नाही. ग्रंथपाल बाई तरण्या आहेत, हौसेनं करतात सगळं. त्यांनी फळ्यावर पहिल्या वर्षी लिहिलं की कोणताही एक वर्ग निवडा. व्याह्यांनी सगळे निवडले. शिलाईच्या वर्गात चौदा बायका आणि हे. बाईंनी नरमाईनं सांगून पाहिलं, "काका, हा ब्लाउजचा वर्ग आहे." तर म्हणाले, "मंग कापूस पेरला कोनं, येचला कोनं, कोनासाठी? मले शेवट पाहू द्या." महिनाभर बसून त्यांनी विहीणबाईंसाठी ब्लाउज शिवला. एक बाही विहीणबाईंना बसली, दुसरी त्यांच्या नातवाला पायजम्यासारखी बसली. पण घडी करून बाहेरच ठेवला आहे, येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवतात. फॉर्म भरायच्या वर्गानंतर त्यांना फॉर्मची इतकी गोडी लागली की भरायला माणसं पुरेनात. शेवटी म्हशीच्या पारडाच्या जन्माचा अर्ज नगरपंचायतीत नेऊन दिला, आईचं नाव, जन्मवेळ, सगळं व्यवस्थित. तिथल्या बाबूनं विचारलं, "बापाचं नाव?" तर हे गंभीरपणे म्हणाले, "थे चौकशी चालू हाय." आणि इंग्रजीच्या वर्गानंतर तर दोन महिने आमच्या गल्लीतल्या बकऱ्यांनाही 'एक्स्क्यूज मी' म्हटल्याशिवाय ते पुढे जात नसत.

मी चौथी शिकलेला माणूस. मला या गोष्टीची भारी चीड. मी त्यांच्या तोंडावर म्हणायचो, "इवाई, गवऱ्या मसणात गेल्या, आता कायले शिकून राह्यले?" माझी बायको आतून ओरडायची, "अवो, त्यायले जाऊ द्या, तुमी त बसल्या जागचे उठत नाही." ती त्यांच्या बाजूची. पहिल्यापासून.

ती संक्रांतीनंतर गेली. त्यावर जास्त लिहिणार नाही, मला येत नाही. तिचा मोबाईल नागपूरच्या दवाखान्याच्या धावपळीत कुठं पडला तो पडलाच. राहिला माझा. तिला लिहिता येत नव्हतं, म्हणून ती मोबाईलवर बोलून निरोप पाठवायची, मोबाईल तोंडापुढे भाकरीच्या तुकड्यासारखा धरून. मी चौकात बसलेलो असलो की निरोप यायचा. "अवो, कुठं हा? भाकर थंडी होऊन राह्यली." "येतानी सांबार आनजा," म्हणजे कोथिंबीर. "गोळी घेतली काय?" असे. एकही दहा सेकंदांच्या वरचा नाही. ती असताना मी ते अर्धे ऐकायचो नाही, खोटं कशाला बोलू. ती गेल्यावर रोज दुपारी खाटेवर पडून एकामागून एक लावायचो. भाकर थंडी झाल्याचं ऐकायचो आणि मग उठून चूल पेटवायचो. दिवस तेवढ्यावर चालला होता.

व्याही रोज येत. दारात उभं राहून म्हणत, "उठा इवाई. बोंड भिजलं अन् तसंच पडून राह्यलं त कवडी होते, कोनी घेत नाही." मी म्हणायचो, "नका घेऊ." चैत्र संपताना मोबाईलचा वर्ग लागला, तेव्हा त्यांनी माझी खाटच उभी केली. अक्षरशः. मी खाली बसलो तर मला तसाच हाताला धरून नेला. मीही गेलो, कारण माझा मोबाईल अडकत होता, निरोप लागता लागता मधेच थांबायचा. मला भीती वाटायची.

वर्गात बाईंनी सांगितलं, "मोबाईल भरला की अडकतो. फालतू असेल ते काढून टाका, हलका होतो." कसं काढायचं ते दाखवलं. मी माझा मोबाईल व्याह्यांजवळ ठेवून माठाकडे पाणी प्यायला गेलो. बाहेर सावलीत जुना एक ओळखीचा भेटला, बोलत राहिलो. पंधरा-वीस मिनिटं झाली असतील. परत आलो तर व्याही घाम पुसत बसलेले, चेहऱ्यावर जिनिंगवरचा आनंद.

"घ्या इवाई. सरकी काढून देल्ली. पाहा कसा पयते आता."

"काय काढलं?"

"आखूड आखूड सारे काढले. पाच सेकंद, सात सेकंद, असा कचरा होता नुसता. चार मिनिटांचं भजन होतं, थे ठेवलं."

मी मोबाईल पाहिला. बायकोच्या नावापुढं काही नव्हतं.

त्यानंतर मी जे बोललो ते लिहिण्यासारखं नाही. वाचनालयात शांतता राखा असं भिंतीवर लिहिलेलं आहे, आणि त्या पाटीखाली उभं राहून मी त्यांच्या सात पिढ्या काढल्या. तुमच्या हाताले कीड लागो, असंही म्हणालो. पोरीच्या सासऱ्याला. चौदा-पंधरा माणसं ऐकत होती. मी ओरडेपर्यंत ते तिचे निरोप होते हेही व्याह्यांना माहीत नव्हतं, आवाज न लावताच काढले होते. बाईंनी मोबाईल घेऊन खूप खटपट केली आणि शेवटी म्हणाल्या, "आजोबा, यातून नाही येणार परत." व्याही हात मांडीवर उताणे ठेवून बसले होते. मी घरी आलो आणि कडी लावली.

तीन आठवडे मी त्यांचं तोंड पाहिलं नाही. पोरगी डबा घेऊन यायची, रडवेली. म्हणायची, "बाबा, त्यायनं जेवन सोडलं." मी म्हणायचो, "सोडू दे." मग एक दिवस म्हणाली, "बाबा, ते घरी नसतेतच. सकाळच्या एसटीनं जातात, संध्याकाळी येतात. कुठं जातात ते सांगत नाही."

कुठं जात होते ते मला नंतर कळलं. बाईंनी त्यांना एक गोष्ट सांगितली होती. माझ्या मोबाईलमधले गेले ते गेले, पण तिनं दुसऱ्यांना पाठवलेले निरोप दुसऱ्यांच्या मोबाईलमध्ये असतील. एवढं ऐकून हा सत्तरीचा माणूस मे महिन्याच्या उन्हात डोक्याला दुपट्टा गुंडाळून निघाला. आर्णीला तिची बहीण, राळेगावला तिची मैत्रीण, बचतगटातल्या बाया, बांगड्या भरणारी कासारीण, सगळ्यांच्या दारात जाऊन विचारायचा, "तुमच्या मोबाईलात आमच्या इनबाई हायेत काय?" इनबाई म्हणजे विहीण, माझी बायको. लोक घाबरायचे. त्यात एक अडचण त्यांची त्यांनीच करून ठेवलेली. मागच्या उन्हाळ्यात फसवणुकीचा वर्ग झाला होता, त्यानंतर यांनी दिसेल त्या बाईला बजावलं होतं की मोबाईल कोणाच्या हाती देऊ नका, सख्ख्या भावाच्याही नाही. राळेगावच्या मैत्रिणीनं तेच ऐकवलं, "भाऊजी, तुमीच त सांगतलं होतं मांगच्या साली एका लग्नात. मी काहून देऊ?" मग तिचा नवरा वावरातून येईपर्यंत हे तिच्या अंगणात निंबाखाली बसून राहिले. त्यानं शोधून यांच्या मोबाईलवर पाठवून दिलं.

एका संध्याकाळी दारात आवाज आला. मी कडी काढली नाही. बाहेर ओट्यावर कोणी बसल्याची चाहूल लागली, आणि मग माझी बायको बोलायला लागली.

"अवो बाई, बुढा म्हन्ते भाजी खारट हाय. आज मीठच नाही टाकलं मी, तरी म्हन्ते खारट हाय! आता काय सांगू तुले..."

मी दार उघडलं. व्याही पायरीवर बसले होते, आत आले नाहीत. एकामागून एक लावत गेले. लिंबाच्या लोणच्याचं चार मिनिटं. बचतगटातल्या बायांना झाडलेलं. बहिणीला सांगितलेलं, "थांब, बुढा आला, मंग सांगतो तुले," आणि तिथं बंद. ते काय होतं ते मला आता कधी कळणार नाही. तिचं हसणं होतं एकात. मी ओट्यावर बसून सगळे ऐकले. पुन्हा लावा म्हणालो, त्यांनी पुन्हा लावले. दिवे लागले गल्लीत, तरी आम्ही बसलेलो.

मग व्याही हळूच म्हणाले, "इवाई, हे सारं इनबाई लोकायशी बोलून राह्यल्या. तुमच्याशी बोललेलं एकही नाही याच्यात."

मला ते कळलं होतं. सगळ्या निरोपांमध्ये मी बुढा होतो, आमच्या घरचे होतो. 'अवो' म्हणून हाक मारलेला मी कुठंच नव्हतो.

"पन एक हाय," ते म्हणाले. "इनबाई घाईघाईत कोनाचा कोनालेही पाठवत. मले सोताले दोनदा आला होता, गोळी घेतली काय म्हनून. मी हसलो अन् काढून टाकला. तसा एखांदा कोनाजवळ तरी राह्यला असन. म्या पाहातो."

"राहू द्या," मी म्हणालो.

"नाही, पाहातो."

आणि ते पाहत राहिले. रोज. मी अडवलं, विहीणबाईंनी अडवलं, पोरीनं एसटीचा पास लपवला. ज्या घरी एकदा जाऊन आले तिथं पुन्हा जायचे, वरपासून खालपर्यंत सगळे निरोप ऐकायचे, परक्या बायांचे परक्या नवऱ्यांना. अर्ध्या तालुक्याच्या घरातली भांडणं त्यांना पाठ झाली असतील. विचारलं तर म्हणायचे, "तिकडं धागा लांब हाय, पन आपला नाही." गमतीनं बोलायचे, पण डोळे खोल गेले होते, सदरा अंगावर लोंबत होता. रोज माझ्या दारात येऊन मान हलवायचे आणि निघून जायचे. मी त्यांना माफ केलं असं दोनदा सांगितलं. ऐकूच गेलं नाही त्यांना.

मृगाच्या आदल्या आठवड्यात आर्णीच्या बसस्टँडवर ते चक्कर येऊन पडले. ऊन लागलं. कोणीतरी कांदा फोडून नाकाशी धरला, पाणी पाजलं, कंडक्टरनं गाडीत बसवून दिलं. फोन आला म्हणून आमच्या स्टँडवर उतरवून घ्यायला मी गेलो होतो. घरी नेण्याआधी माझंच घर वाटेत, म्हणून माझ्या खाटेवर टाकलं. पन्हं पाजलं. जरा शुद्धीवर आले तसं पहिलं वाक्य, "इवाई, त्या लोनबेहळवाल्या बाईचं घर राह्यलं. उद्या..."

मी तोंडावर बोलणारा माणूस. चांगलं असो वाईट असो, जे आहे ते बोलतो. यापायी भावकी तुटली, सोयरे तुटले, बायकोनं चाळीस वर्षं माझ्या मागून फिरून लोकांची समजूत काढली. पण त्या दिवशी मी त्यांच्या डोक्यावर ओलं फडकं ठेवलं आणि म्हणालो, "उद्या कुठं जाऊ नका. भेटला."

"काय भेटला?"

"तिचा. माह्याच मोबाईलात होता. खाली दबला होता कुठीतरी, काल सापडला."

ते उठून बसले. "तुमाले हाक मारलेला?"

"हो."

"आयकवा."

"नाही आयकवत."

"काहून?"

"नवराबायकोचं हाय ते."

त्या माणसाच्या उन्हानं करपलेल्या तोंडावर लाली चढली. कानापर्यंत. दुपट्ट्यानं तोंड झाकून घेतलं, "अरे देवा, माफ करा," म्हणाले आणि भिंतीकडे वळून झोपले. संध्याकाळपर्यंत झोपले, घोरत. कितीतरी आठवड्यांनी झोपले असतील. उठल्यावर दोन भाकरी खाल्ल्या.

आता पुन्हा सगळं सुरू आहे. सकाळी सातला मला घेऊन जातात. सध्या आम्ही दोघं पोटाच्या आसनांच्या वर्गाला आहोत, तिथं त्यांनी बाईंना सर्टिफिकेटचं विचारून ठेवलं आहे. मधेच कधी, मला बरं आहे ना, असं माझ्याकडे पाहतात. तेव्हा मी मोबाईल छातीच्या खिशात नीट ठेवतो आणि वरून बटण लावतो. आत काही जपून ठेवलं आहे असं त्यांना वाटलं पाहिजे. आताशा कधीमधी मलाही वाटतं.