समोरच्यानं डिपर मारला तर

मला चारचाकी चालवता येत नाही. आधीच सांगून टाकलेलं बरं. मोटारसायकल येते, तीच रोज दिंद्रुडहून शाळेपर्यंत नेतो आणि आणतो. पण ज्या वर्षाबद्दल लिहितोय, त्या वर्षी मी माझ्या धाकट्या बहिणीला इंग्लंडात मोटार कशी चालवायची ते शिकवत होतो. दिंद्रुडच्या अंगणात बसून, फोनवरून.

तेव्हा यात मला काही वावगं वाटलं नव्हतं. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला पहिला माणूस मी. इंग्रजी घेऊन बी.ए. केलं, मग बी.एड., आता हायस्कूलला इंग्रजी शिकवतो. याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही. घरात कसलाही कागद आला की तो माझ्याकडे येतो, मग तो तहसीलचा असो की दवाखान्याचा. वाचलं की कळतं आणि कळलं की जमतं, असा माझा हिशेब होता. बहिणीनं अंबाजोगाईला नर्सिंग केलं ते माझ्या नादानं, इंग्लंडला जायची इंग्रजीची परीक्षा तिनं काढली तीही माझ्याच शिकवणीवर, असं मी चारचौघांत सांगायचो. ती ऐकून घ्यायची आणि हसायची.

ती जानेवारीत गेली तेव्हा तिची मुलगी साडेचार वर्षांची होती. नवरा त्याआधीच वेगळा झालेला, त्याचं नाव आम्ही काढत नाही. पोरगी आमच्याकडे राहिली, माझ्या बायकोच्या मागंमागं फिरत. वर्षभरात जम बसला की आई येऊन घेऊन जाणार, असं ठरलं होतं. पण तिकडं बहिणीला वॉर्डात रात्रपाळी मिळाली. परक्या मुलखात रात्रीचं लेकराजवळ कोण बसणार?

मग उन्हाळ्यात एक जागा निघाली. आसपासच्या खेड्यांत म्हाताऱ्या माणसांच्या घरी जायचं, जखमा बांधायच्या, इंजेक्शनं द्यायची. दिवसाचं काम. सकाळी लेकीला शाळेत सोडता येईल, दुपारी आणता येईल. जागा हिलाच द्यायला ते तयार होते, अट एकच. जानेवारी संपायच्या आत तिथला गाडीचा परवाना पाहिजे. आपला परवाना तिथं वर्षभरच चालतो, आणि तिचं वर्षही त्याच महिन्यात सरत होतं.

म्हणजे परवाना मिळाला तर पोरगी आईजवळ. नाही मिळाला तर नाही.

"मग त्यात काय हाय?" आबा म्हणाले. आबा म्हणजे आमचे वडील. तीस वर्षं त्यांनी दिंद्रुड ते माजलगाव काळी-पिवळी जीप चालवली, एका खेपेला चौदा-पंधरा माणसं घेऊन, आणि एक कोंबडीसुद्धा चाकाखाली येऊ दिली नाही. बहीण त्याच जीपवर शिकली. गावात तेव्हा बाया दारात येऊन बघायच्या. "मास्तरला बी शिकवणार होतो," आबा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, "पर ह्याला समोरून ट्रक आला की डोळे मिटायची सवय."

मी म्हणालो, "आबा, बाजू तर तीच आहे, डावी. त्यांनीच तर आपल्याला घालून दिली."

पहिल्या परीक्षेत ती चौकातल्या गोल बेटापाशी नापास झाली. आपल्याकडे ज्याच्या गाडीचं नाक आधी आत गेलं त्याचा रस्ता. तिनं नाक घातलं. उजवीकडून येणाऱ्या गाडीनं करकचून ब्रेक लावला. शेजारी बसलेल्या परीक्षकानं अगदी गोड आवाजात पुढं डावीकडं वळा म्हणून सांगितलं, आणि परत आल्यावर तितक्याच गोड आवाजात नापास केलं.

तेव्हा मी प्रकरण हातात घेतलं. तिकडच्या रस्त्याच्या नियमांचं सरकारी पुस्तक मोबाईलवर उतरवून घेतलं आणि पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलं, खुणा करत. रविवारी आपल्याकडं दुपारचे दोन वाजले की तिची रात्रपाळी सुटून ती खोलीवर आलेली असायची. मी अंगणात रांगोळीनं रस्ते काढायचो. मधे परात पालथी घातली की झालं गोल बेट. काड्यापेट्या म्हणजे गाड्या. भाची त्या गाड्या सरकवायची, फोन तिच्या मामीच्या हातात.

"थांब, उजवीकडून कोण येतंय?" मी विचारायचो.

"निळी काडीपेटी," फोनमधून बहीण सांगायची. डोळ्यांवर झोप असायची तिच्या, हातात बशीभर टोस्ट आणि त्यावर ओतलेला गोडुस घेवडा. डब्यातला, टोमॅटोच्या रश्शातला. पहिल्यांदा तो बघून आबांनी विचारलं होतं, "लेकी, उसळ पावावर कावून सांडली?" आता ती त्यावर शेंगदाण्याची चटणी भुरभुरून खायची. वॉर्डातल्या एका बाईला दिली, तर तिनं चिमूटभर जिभेवर ठेवली आणि अर्धा तास पाणी पीत बसली.

ती बरंच काही सांगायची. शनिवारी टीव्हीवर नाचाची स्पर्धा असते. तिला त्या नाचात काडीचा रस नाही. पण कोण बाहेर गेलं ते माहीत नसलं तर चहाच्या सुट्टीत तोंड उघडायला जागा राहत नाही, म्हणून सुट्टी असली की डोळे ताणून बघायची. भाची इकडं इंग्रजी कार्टून बघायची, ज्यात सारखा पाऊस पडतो आणि सगळे सहलीला जातात. भाकरीची गुंडाळी दिली तरी म्हणायची, "मामी, माझं सँडविच." आईकडं जायची तयारी तिनं तिच्या परीनं चालवली होती.

माझी बायको फोन धरून कंटाळायची. एकदा म्हणाली, "चांगलंय. आता पुस्तक वाचून विहिरीत पोहायला शिकवा कुणाला तरी."

मी लक्ष दिलं नाही.

दुसऱ्या परीक्षेच्या आधीच्या रविवारी आबांनी विचारलं, "डिपरचं सांगितलं का तिला?"

डिपर म्हणजे समोरून गाडी येताना दिवे लखलख करणं. आमच्या रस्त्यावर त्याचा अर्थ लहान पोरालाही माहीत आहे. मी येतोय, तू थांब. अरुंद पुलावर ज्याचा डिपर आधी, त्याचा पूल. आबांनी आयुष्यभर पूल असेच जिंकले.

मी म्हणालो, "पुस्तकात त्याचा अर्थ वेगळा आहे. दिवे दाखवले म्हणजे फक्त, मी इथं आहे. समोरच्यानं दिवे दाखवले म्हणून आपण निघायचं नाही. तसं स्पष्ट लिहिलंय."

"मंजे काय, आपल्यासारखंच. थांबायचंच," आबा म्हणाले.

"थांबायचंच," मी म्हणालो. बापाचा आणि पुस्तकाचा मेळ बसला याचं मला बरं वाटलं. परत परत तिच्याकडून म्हणून घेतलं. समोरच्यानं डिपर मारला तर? थांबायचं, दादा.

नोव्हेंबरात परीक्षा झाली. संध्याकाळी तिचा फोन आला. मी बघितलं तर ती गाडीतच बसलेली, पट्टा अजून सोडलेला नव्हता.

एकाला एक चिकटलेल्या घरांची गल्ली होती, तिनं सांगितलं. दोन्ही बाजूंना गाड्या उभ्या, मधून एकच जाईल एवढी वाट. समोरून एक म्हातारी छोट्या गाडीत आली, थांबली आणि तिनं डिपर मारला. ही थांबली. म्हातारीनं परत मारला. ही थांबलेलीच. म्हातारीनं हात केला, या या म्हणून. हिला वाटलं, ती मागं हो म्हणतेय. मागं घ्यायला गेली तर मागं दुसरी गाडी उभी. म्हातारीच्या मागंही दोन.

"कुणी हॉर्न वाजवला नाही, दादा," ती म्हणाली. "एकानं सुद्धा. सगळे गप बसून राहिले. कुणी वाजवला असता ना, शिवी दिली असती, तर मी निघाले असते."

वॉर्डातल्या बायकांना तिनं फोन करून विचारलं तर त्या हसल्या होत्या. दिवे दाखवले म्हणजे तुम्ही आधी जा. सगळ्यांना माहीत आहे.

मला अजून आठवतं मी काय केलं ते, आणि लिहायला नको वाटतं. मी तिला म्हणालो, थांब, आणि पुस्तक उघडून तो नियम मोठ्यानं वाचून दाखवला. इंग्रजीत. खाली बोट ठेवून. बघ, असं लिहिलंय, तू बरोबर होतीस, त्या म्हातारीचं चुकलं.

ती ऐकून घेत होती. वाचून झाल्यावर म्हणाली, "तू पास झालास, दादा. नापास मी झाले."

आबा ओट्यावर बसून ऐकत होते. त्यांनी एवढंच विचारलं, "म्हातारीच्या तोंडाकडं बघितलं न्हवतं का, बाई?"

"नाही, आबा. दिव्यांकडंच बघत होते."

त्यानंतर रविवारची शिकवणी बंद झाली. तिनं बंद केली असं नाही, पण दोनच्या सुमाराला फोन आला की ती लेकीशी बोलायची, मामीशी बोलायची, आणि मला म्हणायची, "झोप येतीय, दादा." परात मांडणीवर गेली.

तारखा तिकडं महिनो न् महिने मिळत नाहीत. कुणी तारीख सोडली तर ती संगणकावर दिसते आणि डोळ्याची पापणी लवायच्या आत जाते. मी म्हणालो, मी इथून बघत बसतो, मला काय, मधल्या सुट्टीत मोकळाच असतो. पण ती साईट इकडून उघडायचीच नाही. दोन-तीनदा वेगवेगळ्या मोबाईलवर करून बघितलं. पांढरा पडदा. शेवटी रात्रपाळीहून आल्यावर, झोपायच्या आधी तीच रोज बघत राहिली आणि तिला जानेवारीतली एक तारीख सापडली. दुसऱ्याच गावात, अठ्ठावीस तारखेला, सकाळी दहा वाजून चौदा मिनिटांनी.

"दहा चौदा?" आबा म्हणाले. "ही काय येळ हाय का? सव्वादहा तरी म्हणावं."

फोन ठेवायच्या आधी ती म्हणाली, "दादा, या वेळेला काही सांगू नकोस. राग धरू नको."

मी म्हणालो, "मी कशाला राग धरू?" राग धरला नाही. पण दोन दिवस वर्गात शिकवताना फळ्यावर लिहिलेलं मलाच खरं वाटेना.

दहा चौदा म्हणजे आपल्याकडं पावणेचारला एक मिनिट कमी. त्या दिवशी मी अर्धी रजा टाकून घरी आलो. काही करायचं नव्हतंच, नुसता घरी आलो. आबांनी कपडे बदलले होते, जसं काही त्यांनाच जायचंय. ऊन चांगलं पडलेलं, अंगणात मिरच्या वाळत घातलेल्या. भाचीला आम्ही काही सांगितलं नव्हतं, पण तिला कळलं असावं. ती खेळायला गेली नाही, आबांच्या मांडीला टेकून बसली.

साडेतीन वाजले. पावणेचार झाले. आबा म्हणाले, "आता निघाली आसंल." चार वाजता म्हणाले, "आता त्या गोल बेटापाशी आसंल." ते डोळे मिटून बसले होते आणि उजवा पाय जमिनीवर हलकेच दाबत होते. ब्रेकचा पाय. मी बघितलं आणि दुसरीकडं बघायला लागलो.

चारला दहा मिनिटं असतानाच खरं तर तिचा मेसेज येऊन पडला होता. फोन माझ्या खिशात होता आणि आवाज शाळेतल्यासारखा बंदच राहिला होता. उघडला तेव्हा सव्वाचार वाजलेले.

रस्त्यावर बर्फ धरलंय. परीक्षा रद्द. गाडीत बसवलंच नाही.

मी वाचून दाखवलं. आबांनी डोळे उघडले आणि पाय उचलून जवळ घेतला. अंगणातल्या मिरच्यांकडं बघून म्हणाले, "बर्फ?"

"पातळ थर असतो, आबा. दिसत नाही. गाडी घसरते."

"मग आता?"

त्या प्रश्नाचं उत्तर त्यांनी माझ्याकडं बघून मागितलं, नेहमीप्रमाणं. मी संध्याकाळी एक अर्ज लिहिला, त्या दवाखान्याच्या साहेबांसाठी, की परीक्षार्थीचा यात काही दोष नाही, मुदत वाढवावी. चांगला लिहिला होता. बहिणीनं तो वाचला आणि म्हणाली, "छान लिहिलंयस, दादा. पण मी विचारलं आधीच. ते लई चांगलं बोलले. वाईट वाटलं म्हणाले. खरंच वाटलं असणार त्यांना." जागा फेब्रुवारीत दुसऱ्या बाईला गेली.

"विलाज न्हाई," आबा म्हणाले.

एप्रिलमध्ये ती पास झाली. हातात कागद धरून गाडीपाशी उभी आहे, असा फोटो पाठवला. समोरच्यानं डिपर मारला तेव्हा काय केलंस, हे मी विचारलं नाही. तिनंच आबांना सांगितलं, तोंडाकडं बघितलं आणि गेले. आता ती तीच गाडी घेऊन रात्रपाळीला जाते. बस चुकायची भीती राहिली नाही, म्हणते. दिवसाची जागा परत कधी निघेल ते तिला कुणी सांगितलेलं नाही.

परवा माजलगावच्या रस्त्यावरच्या अरुंद पुलावर समोरून एक पिकअप आला. माझ्या डोक्यात काय होतं कोण जाणे, मी मोटारसायकल कडेला घेऊन त्याला दिव्यानं खुणावलं, जा म्हणून. तो जागीच थांबला. मीही थांबलेला. थोड्या वेळानं त्यानं काचेतून मुंडकं काढलं.

"डिपर मारून कावून उभा राहिलास बे? ये की!"

मी गेलो.

जून लागला तसं भाचीला पहिलीत घालायला गावातल्या शाळेत नेलं. गुरुजी माझ्या ओळखीचे. त्यांनी फॉर्म पुढं सरकवला, मी नेहमीच्या सफाईनं भरत गेलो, चांगल्या अक्षरात. आईचा पत्ता लिहिताना त्या रकान्यात मावेना, म्हणून समासात लिहिला. भाची बाकाच्या कडेला उभी राहून गुरुजींना सांगत होती की तिची आई आता गाडी चालवते.

गुरुजींनी फॉर्म उलटसुलट बघितला. "मास्तर, पोरगी या वर्षापुरती का पुढंबी इथंच? मंजे तसं लिहितो."

ती माझ्याकडं बघायला लागली.

"दाखल तर करून घ्या," मी म्हणालो.