पिना अडकल्या की सुरतेला फोन

शिरपुरात पुष्पाबाई सोफ्याची कव्हरं शिवायच्या. नवरा झुलालभाऊ सोफ्याचे कारागीर, पण गावात काम पुरेना म्हणून सात वर्षांपूर्वी ते सुरतेच्या एका कारखान्यात गेले. तिथे लाकडावर रेक्झिन ठोकायच्या, पिना मारणाऱ्या सगळ्या गन हवेवर चालणाऱ्या. घरची जुनी हातगन त्यांनी फडक्यात गुंडाळून पेटीत ठेवली. दिवाळीला नि आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तेवढे आठ-आठ दिवस घरी येत. फोनवर बोलणं मोजकंच.

"जेवन व्हयनं का?"

"व्हयनं."

"बठ्ठं बरं शे ना?"

"शे."

एवढं झालं की फोन बंद.

एक दिवस कापडवाले जवरीलालशेठ घरी आले. दुकानातल्या सहा खुर्च्यांचं रेक्झिन फाटलं होतं. "पुष्पाबाई, तुम्ही कव्हर शिवता, तर बैठकही तुम्हीच बसवा ना," म्हणाले. पुष्पाबाई हो म्हणून बसल्या. त्यांनी पेटीतून गन काढली, बाजारातून पिना आणल्या. पहिल्या खुर्चीवर दाबली तर नुसता खटका वाजला. दुसऱ्यांदा दाबल्यावर खटकाही वाजेना.

कारखान्याच्या दुपारच्या सुटीत पुष्पाबाईंनी सुरतेला फोन लावला. फोन साधा, बटणांचा. दाखवायची सोय नाही, सगळं सांगूनच समजवायचं. झुलालभाऊंनी आधी विचारलं, "तोंड कोठे शे गननं?"

"मन्हाकडे."

"पहिले ते फिराव. भिंतकडे कर."

मग एकेक करून त्यांनी सांगितलं. मागची दांडी आत दाबून बाहेर ओढायची. सगळ्या पिना काढून घ्यायच्या. तोंडाशी वाकडी झालेली पिन दिसेल, ती पकडीने हळू ओढायची, सुरीने उचकायची नाही. पिन निघाली आणि झुलालभाऊंची सुटी संपली. पुष्पाबाई उघडी गन मांडीवर घेऊन तशाच बसून राहिल्या.

दुसऱ्या दिवशी पिना भरणं. टोकं लाकडाकडे, पाठ वर. दांडी सारून खट्ट आवाज येईपर्यंत दाबायची. तरीही पिना अडकल्याच. झुलालभाऊंनी पिनांच्या डबीवरचे आकडे वाचायला लावले, तेव्हा कळलं की पिनाच चुकीच्या मापाच्या. तिसऱ्या दिवशी योग्य मापाच्या आणल्या, पण त्या अर्ध्याच रुतायच्या. वरचा स्क्रू थोडा आवळ, मशीनच्या तेलाचा एक थेंब सोड, आणि दाबताना गनचं नाक लाकडाला चिकटव, तिरपं धरू नको, असं त्यांनी सांगितलं. चौथ्या दिवशी रेक्झिन ताणून पुष्पाबाईंनी गन दाबली. पिन सपाट बसली. त्यांनी फोन खुर्चीजवळ धरून ओळीने दहा पिना मारल्या.

"आइकू उनं का?"

"उनं," झुलालभाऊ म्हणाले.

सहाही खुर्च्या झाल्या. पाचव्या दिवशी दुपारी फोन करायला कारणच उरलं नाही. शिलाई मशीनवर बसलेल्या पुष्पाबाईंचं लक्ष घड्याळाकडे लागलं. शेवटी फोन लावून म्हणाल्या, दोन पिना एकदम निघताहेत. मग आठवडाभर रोज नवं काही. कधी हँडल जड झालं, कधी दांडी परत येत नाही. झुलालभाऊ एकही प्रश्न वाऱ्यावर न सोडता सगळं विचारत, सांगत. बोलता बोलता सुरतेतल्या खोलीचं, तिथल्या पाण्याचं, रात्री उजवा खांदा दुखतो त्याचंही निघे. सात वर्षांत त्यांनी हे कधी सांगितलं नव्हतं.

एका दुपारी ते म्हणाले, "गन चांगली शे ना?"

पुष्पाबाईंनी शिलाई मशीनचं चाक थांबवलं. मग म्हणाल्या, "शे."

"मंग सकाय काय बिघाडशी?"

उद्याचा बिघाड ठरवता ठरवता दोघंही हसले. त्यानंतर रोज दुपारी फोन झुलालभाऊच करू लागले.

दिवाळीत ते आले तेव्हा घरात एक मोठा सोफा कामाला आला होता. त्यांनी हौसेने हातगन घेतली, पण खांदा साथ देईना. चार पिना वाकड्या गेल्या. गन त्यांनी पुष्पाबाईंच्या हातात दिली आणि स्वतः रेक्झिन ताणून धरलं. दोन दिवस दोघं समोरासमोर काम करत होते. निघायच्या सकाळी पुष्पाबाई म्हणाल्या, "आते दोन्हीसनं काम शे आठे. ऱ्हाई जा."

झुलालभाऊ पिशवीची चेन लावत होते. "कुंदननं शेवटचं वरीस शे," म्हणाले. मुलगा धुळ्याला शिकत होता. पुष्पाबाईंनी पुन्हा विषय काढला नाही.

यंदा आखाजीला कारखान्यात मोठं काम आलं आणि त्यांना सुटी मिळाली नाही. गल्लीत माहेरवाशिणी झोक्यावर गाणी म्हणत होत्या. पुष्पाबाई ओट्यावर एक आरामखुर्ची भरत होत्या, फोन कानाशी खांद्याने दाबलेला. झोक्यावरून कोणीतरी हाक मारली, तर त्यांनी हातानेच खुणावलं, थांबा.

"कोन गाई राहिनं?" पलीकडून झुलालभाऊंनी विचारलं.

"गल्लीतल्या पोरी."

"जरा फोन तथा धर."

पुष्पाबाईंनी गन खाली ठेवली, उठून ओट्याच्या कडेला गेल्या आणि झुलालभाऊंची दुपारची सुटी संपेपर्यंत फोन झोक्याकडे धरून उभ्या राहिल्या.