सांभाळायला कोणी नाही

नागपूरच्या विमानतळावर आईनं माझ्या पर्समधली वकिलीची सनद पुन्हा एकदा चाचपून पाहिली. "कागद नीट ठेव," म्हणाली. रडली नाही. बाबा जाऊन वर्षही झालं नव्हतं आणि मी एकुलती एक. दोन वर्षांत परत येते, असं मी ठणकावून सांगितलं होतं. त्याला आता सव्वीस वर्षं झाली.

इंग्लंडात लीड्सला आधी सॉलिसिटर झाले, मग इमिग्रेशन ट्रायब्युनलची जज. लेक पांढऱ्या केसांचा टोप घालून बसते, असं आई कॉलनीभर सांगत सुटली. आमच्याकडे टोप नसतोच. पण तिचा हिरमोड कशाला, म्हणून मी गप्प बसले. माझ्यासमोर लोक म्हाताऱ्या आईवडिलांना इकडे आणायचं अपील घेऊन यायचे. नियम कडक. तिकडे सांभाळायला कोणी नाही आणि पैसे देऊनही कोणी मिळत नाही, हे सिद्ध करा. किती जणांना मी नाही म्हटलं! नम्र भाषेत, मुद्देसूद. आणि घरी येऊन पोटभर जेवले.

नागपूरच्या मैत्रिणी विचारतात, "एवढी जज आहेस, मग आईला का नेत नाहीस?" बायांनो, अर्ज केला होता. आई आता सगळं विसरते, गॅस चालू ठेवून झोपते. कामाला ठेवलेल्या तीन बायका सोडून गेल्या. माझ्या नवऱ्याचं आठवड्यातून तीनदा डायलिसिस असतं, त्याला टाकून मी येऊ कशी? जीव नुसता टांगणीला लागलाय.

गेल्या मंगळवारी नकाराचं पत्र आलं. अर्जदाराची मुलगी कमावती आहे, तिकडे पगारी माणूस ठेवता येईल. अगदी हेच वाक्य मी वर्षानुवर्षं लिहीत आले. अपील करता येईल, पण माझ्यासमोर आलं असतं तर मीच फेटाळलं असतं. मला स्वतःची किळस आली.

त्या दुपारी आईला व्हिडिओ कॉल केला. शेजारच्या काकूंनी फोन धरला होता. आईनं माझ्याकडे बराच वेळ पाहिलं.

"मुलीकडे काम होतं का? ती कोर्टात गेली आहे. येईलच आता. बसा ना तुम्ही."

"बसते," मी म्हटलं.

माझं घर आता आईच्या डोक्यात एवढंच उरलंय. तिथे मी कोर्टातून निघालेली आहे, आणि आई कोणाला उठू देत नाही.