रमिलाबाईचं राहिलेलं मत

दरवर्षी ऊसतोडीला गुजरातेत जावं लागल्यामुळे रमिलाबाईने गावच्या निवडणुकीत कधी मत दिलं नव्हतं. यंदा पाड्यावरची रिना उभी राहिली, हातपंप आणीन म्हणाली. तिला मत द्यायचं म्हणून रमिलाबाई मागे राहिली आणि नवरा एकटाच टोळीबरोबर गेला.

अर्ज मागे घ्यायच्या दिवशी संध्याकाळी तालुक्याहून, धडगावहून, जीप आली. गावचा कारभारी दलसिंग रमिलाबाईच्या दारात उतरला.

"काकी, आम्ही बसून ठरवलं. रिनाने अर्ज मागे घेतला. माझा भाऊ बिनविरोध आला. आता मतदानच नाही."

"मग मी कशाला थांबले?"

"बोटाला शाईच पाहिजे ना? शाळेतून आणून देतो!"

जीपमधली माणसं हसली. मागच्या बाकावर बसलेल्या रिनाने तोंड फिरवलं.

गुजरातेत दुसरा ट्रक कधी जाणार, एवढंच रमिलाबाईने विचारलं.