गंगम्माच्या चुलीतला विस्तव

लातूर जिल्हा झाला आणि जिलानीभाईच्या पायांचे हाल सुरू झाले. लोकांना कचेऱ्या मिळाल्या, साहेब मिळाले. त्याला मिळाली नुसती नवी दुकानं. दर गुरुवारी दिवेलागणीला बाजारातल्या दुकानांत लोबानचा धूर फिरवायचा, हे काम बापापासून चालत आलेलं. पूर्वी एका दमात फेरी व्हायची. आता जो तो नवा दुकानदार म्हणायचा, आमच्याकडंबी बरकत येऊ द्या. बरकत येणार कुठून? पाऊस नाही, पाणी टँकरचं, गिऱ्हाईक भाव विचारून परत जाणारं. पण धूर मात्र सगळ्यांना हवा!

गुडघे कुरकुरायला लागले होते, छातीत खोकला घर करून बसला होता. सोडून द्यायचं हे काम, असं तो उन्हाळाभर मनाशी म्हणत होता. अडत होतं एका घरापाशी. लोबानदाणीत पहिला विस्तव पडायचा तो गुरुबसप्पा किराणावाल्याच्या घरचा. बापानं तो गुरुबसप्पाच्या आजीकडून घेतला, यानं त्याच्या आईकडून, गंगम्माकडून. मागच्या दारी उभ्याउभ्या विस्तव घ्यायचा आणि निघायचं. म्हातारी दर गुरुवारी पडवीतली चूल पेटवून वाट बघत बसायची. तिला कोणत्या तोंडानं सांगायचं?

शेवटी एका गुरुवारी तो मन घट्ट करून गेला. गंगम्मा फुंकणी घेऊन चुलीपुढं बसली होती. डोळे लालभडक, पाणी गळत होतं. आत स्वयंपाकघरात सुनेची भाजी नव्या गॅसवर शिजत होती. मग ही चूल कशाला? त्यानं वाकून पाहिलं. चुलीत जळत होता बाजेचा खूर. पडवीच्या कोपऱ्यात म्हातारीची बाज असायची, तिथं आता चटई होती.

"अम्मा, बाज फोडली?"

"मग काय करू? ढोरं छावणीत, गोवऱ्या न्हाईत. गॅसवर इंगळ पडत असतात का? तुमी आशेनं येता. रिकामं कसं धाडू?"

"आन मी येतो ते तुमी चूल पेटवून बसता म्हणून! गुडघे गेले माझे, अम्मा. कवाचं सोडतो म्हणून राहिलो."

गंगम्मानं फुंकणी खाली ठेवली. "मग बोलला का न्हाईत? हितं फुकू फुकू डोळे गेले की माझे!"

दोघंही हसले.

विस्तव पडला होता, तेवढी शेवटची फेरी त्यानं केली. त्या संध्याकाळी सगळ्या बाजारानं गंगम्माच्या बाजेच्या विस्तवावरचा धूर घेतला. गल्ल्यावर बसलेल्या गुरुबसप्पानंही डोळे मिटून, दोन्ही हातांनी तो डोक्यावर ओढून घेतला. आई कशावर झोपते हे त्या शहाण्याला ठाऊक नव्हतं.

पुढच्या गुरुवारी जिलानीभाई त्याच वेळी बाजारातून निघाला. हातात लोबानदाणी नव्हती, डोक्यावर घरची बाज होती.

"काय जिलानीभाई, आज लोबान न्हाई?" दुकानादुकानांतून विचारणा झाली.

"न्हाई. आता न्हाई," एवढंच म्हणत तो पुढं गेला.

गंगम्माची चूल थंड होती. त्यानं पडवीत बाज टेकवली. म्हातारीनं सुतळीवरून हात फिरवला.

"आन तुमी कशावर झोपनार?"

"मला चटईवरबी लागते झोप. लई दिवसांची उरलीय."

गंगम्मा बाजेवर बसली, थोडी सरकली. "मग आधी बसा हितं. लई चाललात."

जिलानीभाई बसला. इतक्या वर्षांत त्या घरी तो पहिल्यांदाच बसला होता.