मागचं डावं चाक

गाडीचा वॉबल, म्हणजे वेगातली थरथर, काढावा तर याच मिस्त्रीनं, असं त्याचं नाव होतं, आणि त्या नावाचा त्याला माजही होता. गल्ली त्याला अकडू म्हणायची, तीही तोंडावर. गिऱ्हाईक म्हणालं, "वेगात थरथरते," की हा बॉनेटला हात लावायच्या आधी एकच प्रश्न टाकायचा, "हाताला लागते की बुडाखाली?" समोरचा गोंधळला की ऐकवायचा, "हाताला लागली तर पुढचं चाक, बुडाखाली लागली तर मागचं. एवढं कळत नसेल तर सायकल घ्या." गिऱ्हाईक चिडायचं, पण परत त्याच्याकडेच यायचं.

त्याची स्वतःची गाडी म्हातारी होती. गोल बॉनेटची, भंगारातून उचलून लग्नाआधी त्यानं उभी केलेली. बायको तिला सवत म्हणायची. "सवतीला रोज आंघोळ, मला विचारतंय कोण," असं पुटपुटत स्वतःच फडकं घेऊन काचा पुसायची.

मग बायकोच्या हाडांत दुखणं शिरलं. नेमकं मणक्यांत. इस्पितळात रोज रेडिएशनचा शेक घ्यायला जायचं होतं, आणि डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं की मध्ये खंड पडता कामा नये, नाहीतर पाय जातील. भाड्याच्या गाडीत हाल नकोत म्हणून अकडूनं सवत बाहेर काढली. मागच्या सीटवर गादी घातली, कडेनं उशा लावल्या. मोठ्या रस्त्याला लागून जरा वेग घेतला, आणि गाडी थरथरायला लागली.

"अहो, पाठीला लागतंय."

"कळतंय मला. संध्याकाळी काढतो."

संध्याकाळी त्यानं पुढची चाकं काढली, रिमला शिशाची वजनं लावून बॅलन्सिंग केलं. दुसऱ्या दिवशी तेच. मग पुढचे बेअरिंग बदलले. तरी तेच. मग स्टेअरिंगचे सांधे उघडले. बायको मागून सांगत होती, "मागून येतंय हो. या डाव्या अंगानं."

"स्टेअरिंग कुणाच्या हातात आहे?"

"तुमच्या. पण मागं मी आहे."

"तुझी पाठ हल्ली कशालाही रडते," तो फाडकन बोलला.

तिनं एक उशी पाठीखाली ओढली. आजारी माणसाचं बोलणं म्हणजे कटकट, असं घरोघरी धरूनच चालतात. अकडूचं घर काही वेगळं नव्हतं. म्हाताऱ्या गाडीचं स्टेअरिंग मुळातच थोडं हलतं, हे त्याला पाठ होतं. पण हाताला थरथर लागली म्हणजे पुढचं चाक, हा त्याचाच नियम होता आणि तो त्यालाच चिकटून बसला. जो प्रश्न तो आल्यागेल्याला विचारायचा, तो त्यानं बायकोला एकदाही विचारला नाही.

एका सकाळी तिनं खाटेची कड घट्ट धरली. "आज नको. दुखणं परवडलं, तो रस्ता नको."

"डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या ते विसरलीस?"

"त्यांना म्हणावं, एकदा बसा माझ्या सवतीत."

दुसऱ्या दिवशीही ती गेली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. अकडू चडफडत बाहेर आला. पुढचं बदलायला आता काही उरलंच नव्हतं. रागारागात त्यानं मागच्या डाव्या चाकाला जॅक लावला, खडू टायरजवळ धरला आणि चाक फिरवलं. दर फेरीला खडू एकाच जागी घासला. त्यानं तिथं तळवा फिरवला. आतले दोरे तुटून टायरला टेंगूळ आलं होतं. वरून रबर काळंभोर, नवंकोरं. तो तळवा तसाच ठेवून जमिनीवर बसला.

टायर बदलून त्यानं चक्कर मारली. गाडी अशी धावली, जणू रस्त्याला तेल लावलंय. घरात येऊन म्हणाला, "मागचंच होतं. चल, आता हलली तर नाव बदलीन."

"अकडूचं काय करणार?" ती हसली. उठायला गेली, आणि पाय हललेच नाहीत.

अँब्युलन्स बोलवावी लागली. तिच्याजवळ तिची बहीण बसली, हा आपल्या गाडीनं मागोमाग निघाला. गाडीत काडीची थरथर नव्हती. मागची गादी रिकामी होती.

इस्पितळात संध्याकाळी तिनं त्याला जवळ बोलावलं. "अहो, त्या अँब्युलन्सचंपण मागचंच आहे. डावंच. तिच्यातनं येणारा जो तो पाठीवर पडून येतो. बघा जरा."

"बघतो."

"वाद नाही घातलात? मरायला टेकले म्हणून?"

"नाही. मागं तू होतीस म्हणून."

ती घरी परतली नाही.

माणसं येऊन भेटून गेली, घर रिकामं झालं, तेव्हा अकडू जॅक आणि खडू घेऊन इस्पितळाच्या आवारात गेला. तिला आणणाऱ्या अँब्युलन्सचा ड्रायव्हर काच पुसत होता. त्यानं मान खाली घातली. "काका, कळलं मला. वाईट झालं."

"तुझी गाडी मागून हलते."

"छे हो! स्टेअरिंग बघा, लोणी आहे नुसतं."

"तुझ्या हातांना कोण विचारतंय?" अकडूनं मागचं दार उघडलं, आत चढला आणि सरळ स्ट्रेचरवर उताणा झोपला.

"अहो काका, हे काय! बरं दिसतं का?"

"चालव."

गाडी मोठ्या रस्त्याला लागली. आधी काहीच नव्हतं. वेग वाढला तशी डाव्या बाजूनं, कमरेखालून थरथर सुरू झाली आणि एकेका मणक्यातून चढत मानेपर्यंत आली. धडधाकट पाठ होती, तरी त्यानं दोन्ही हातांनी कडेचे दांडे पकडले.

"सापडलं का काका?" ड्रायव्हरनं पुढून विचारलं. "थांबवू?"



"नको. परत इस्पितळापर्यंत असंच ने."